नेसत्या वस्त्रानिशी

माझ्या भाचीला यंदा वकिलीची सनद मिळाली. पाच वर्षांचं बीए एलएलबी झालं, बार कौन्सिलची ती ऑल इंडिया परीक्षा पण पहिल्याच फटक्यात सुटली, आणि घरी पेढे वाटून झाल्यावर तिने जाहीर केलं की मला मावशीसारखं फॅमिली लॉ करायचंय. त्याच रात्री साडेदहाला ताईचा फोन. "तू तरी सांग गं तिला काहीतरी, कॉर्पोरेट बघ म्हणावं, नाहीतर जजच्या परीक्षेला बस म्हणावं, दिवसभर लोकांची भांडणं ऐकून काय व्हायचं पोरीचं." मी म्हटलं सांगते. काय सांगणार ते तिला बोलले नाही, कारण ते माझं मलाच जुळवायचं होतं. म्हणून हे लिहायला बसलेय. भाचीसाठी, आणि "मॅडम, फॅमिली लॉमध्ये करिअर कसं करायचं" असं विचारणाऱ्या सगळ्या मुलामुलींसाठी.

मी मूळची फलटणची. वडील एसटीत कंडक्टर. आमच्या घरात कोर्टाची पायरी चढलेले एकटे आजोबा, ते पण बांधाच्या केसमध्ये, आणि त्या तारखांच्या आठवणी घरात इतक्या वाईट होत्या की मी वकील होणार म्हटल्यावर आजीने दोन दिवस अबोला धरला होता. बी.कॉम. करून पुण्याला आले, तीन वर्षांचं एलएलबी केलं, २००७ ला सनद. आमच्या वेळी प्रवेशाला सीईटी नव्हती, सनदेनंतरची परीक्षा पण नव्हती. आता रस्ता असा आहे की बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा कोर्स, त्यासाठी सीईटी, मग बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी आणि मग ती ऑल इंडिया परीक्षा, एआयबीई. एक चांगली गोष्ट झाली, जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नोंदणीची फी जनरलला ७५० आणि एससी-एसटीला १२५ रुपयांच्या वर घेता येणार नाही. हजारोंनी पैसे भरून सनद घेतलेली आम्ही पोरं, आम्हाला विचारा ७५० म्हणजे काय ते.

पण कागदावरचा रस्ता तिथे संपतो आणि खरी सुरुवात ज्युनिअरशिपला होते. माझ्या सरांचं ऑफिस शनिवार पेठेत, जिन्याने दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि एक टायपिस्ट. पहिल्या वर्षी महिना पंधराशे रुपये, ते पण सरांनी आपणहून दिले म्हणून, मागायची पद्धत नव्हती. उरलेलं कसं भागवायचं तर दुसऱ्या वकिलांचे मराठी कागद रात्री बसून इंग्रजीत करून द्यायचे, पानाला वीस रुपये. सकाळी साडेनऊला बोर्ड बघायचा, कुठली मॅटर कुठल्या कोर्टात, फायली बांधायच्या, वकीलपत्राला तिकीट लावायचं, पुकारा होईपर्यंत कोर्टात उभं राहायचं, सर दुसरीकडे अडकले असतील तर "सर येतायत" म्हणून पासओव्हर, म्हणजे पुकारा थोडा मागे ढकलून मागायचा, नक्कल विभागात खेटे घालायचे आणि संध्याकाळी डायरीत पुढच्या तारखा चढवायच्या. वर्ष-दीड वर्ष हेच. वाया जातंय असं वाटतं पण त्यातच शिरस्तेदार, पट्टेवाले, बेलिफ, स्टॅम्प व्हेंडर सगळे ओळखीचे होतात, आणि नोटीस बजावून का आली नाही हे कुणाला विचारायचं ते कळतं. कॉलेजात हे कुणीच शिकवत नाही.

फॅमिली मी निवडलेलं नव्हतं हे प्रामाणिकपणे सांगते. ऑफिसमध्ये मी एकटी मुलगी, आणि बायकांची कामं बाई ज्युनिअरकडे हा तेव्हाचा सरसकट नियम. अजूनही तसंच आहे बऱ्याच ठिकाणी. मला त्याचा राग यायचा, कारण माझ्याबरोबरचे मुलगे मोठ्या दिवाणी दाव्यांवर बसायचे आणि मला पोटगीच्या फायली. पण दोन-तीन वर्षांत लक्षात आलं की या पोटगीच्या फायलीत जेवढा कायदा आहे तेवढाच हिशोब आहे, तेवढंच मानसशास्त्र आहे, आणि चूक झाली तर ती जमिनीच्या तुकड्यात होत नाही, माणसाच्या आयुष्यात होते.

फॅमिली कोर्ट बाकीच्या कोर्टांसारखं नसतं. कायदा १९८४ चा, आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की इथे वकील लावणं हा पक्षकाराचा हक्क नाही. आम्ही वकीलपत्रासोबत परवानगीचा अर्ज देतो, तो मंजूर होतो, पण पहिल्या दिवसापासून हे डोक्यात ठेवावं लागतं की इथे आपण परवानगीने उभे आहोत. जजसाहेब थेट नवरा-बायकोशी बोलतात. केस आधी विवाह समुपदेशकांकडे जाते, तिथे आत फक्त ते दोघं, वकील बाहेर बाकड्यावर. सुरुवातीला मला ते बाकडं अपमानासारखं वाटायचं. नंतर तिथेच सगळ्यात जास्त शिकले. आतून बाहेर येणाऱ्या माणसाचा चेहरा बघायचा आणि लगेच काही विचारायचं नाही, पाणी द्यायचं.

आता मुद्द्याचं. फॅमिलीच्या वकिलाचं करिअर आर्ग्युमेंटवर उभं राहतं असं सगळ्यांना वाटतं, सिनेमामुळे वाटत असेल. माझ्या अनुभवाने ते ड्राफ्टिंगवर उभं राहतं. तुम्ही याचिकेत काय लिहिता आणि काय लिहीत नाही यावर.

आमच्या ऑफिसात घटस्फोटाच्या याचिकेचा एक फॉरमॅट होता. सगळ्याच ऑफिसात असतो. मराठी याचिका असेल तर त्यातली वाक्यं पुणे जिल्ह्यात कुठेही गेलात तरी तीच. "लग्नानंतर सुरुवातीचे काही दिवस चांगले गेले." "जाबदार यांनी अर्जदार हिचा क्षुल्लक कारणावरून शारीरिक व मानसिक छळ करण्यास सुरुवात केली." "उपाशीपोटी ठेवले." आणि शेवटी हमखास, "अर्जदार हिला नेसत्या वस्त्रानिशी घराबाहेर हाकलून दिले." मी ही वाक्यं पाठ केली होती. नाव बदलायचं, तारखा बदलायच्या, मुलांची वयं बदलायची, झाली याचिका. दिवसात दोन व्हायच्या आणि मला त्याचा अभिमान होता.

२०१० ची गोष्ट. आमची पक्षकार, हडपसरकडची, तिला खरोखर मारहाण झालेली, दवाखान्याचे कागद होते. उलटतपासाला समोर एक वयस्कर वकील, आवाज अगदी मऊ. त्यांनी मारहाणीचं काहीच विचारलं नाही. विचारलं, "ताई, त्या दिवशी घरातून निघालात ते कशाने गेलात?" ती म्हणाली रिक्षाने. "सामान काय होतं रिक्षात?" ती म्हणाली, दोन बॅगा आणि मुलाची छोटी सायकल. सायकल रिक्षात कशी मावली ते पण सांगितलं बिचारीने, मागे बांधली होती म्हणून. "मग परिच्छेद नऊमध्ये तुम्ही नेसत्या वस्त्रानिशी असं शपथेवर लिहिलंय, ते खोटं आहे असं म्हणायचं का?" आणि तिने माझ्याकडे बघितलं. ते वाक्य तिचं नव्हतंच ना. माझं पण नव्हतं, फॉरमॅटचं होतं, पण खाली सही तिची होती, "वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा व बरोबर आहे" म्हणून. निकालात मारहाण मान्य झाली, पोटगीही मिळाली, पण अर्जदाराने अतिशयोक्ती केल्याचं दिसतं असं एक वाक्य निकालपत्रात कायमचं राहिलं. जिने खरं सोसलं तिच्या नावावर.

त्यानंतर मी फॉरमॅट सुधारला. सुधारला म्हणजे काही वाक्यं काढली. बाकीचा तसाच ठेवला, आणि आधीच दाखल झालेल्या याचिकांचं तर काही करता येण्यासारखं नव्हतं असं मी स्वतःला सांगितलं. तो धडा अर्धाच शिकला गेला होता हे मला पुढे चौदा वर्षांनी कळलं, त्यावर येतेच.

मधल्या काळात कायदा एवढा हलला की मी सनद घेतली तेव्हाची नोट्सची वही आज उघडली तर निम्मी खोडावी लागेल. घरगुती हिंसाचाराचा कायदा २००५ चा, लागू झाला ऑक्टोबर २००६ मध्ये, म्हणजे मी आले तेव्हा तो अगदी नवा, फौजदारी कोर्टात अर्ज करायचा पण दिलासा सगळा दिवाणी स्वरूपाचा, राहायचं घर, पोटगी, संरक्षण. आणि त्याच डिसेंबरात सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की सासूच्या नावावरच्या घरात सुनेला राहायचा हक्क मागता येणार नाही. पुण्यात वाड्यातलं, सोसायटीतलं घर बहुतेकदा सासऱ्यांच्या नाहीतर सासूबाईंच्या नावावर, म्हणजे हातात काय राहिलं? तो निकाल ऑक्टोबर २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींनी फिरवला. चौदा वर्षं. मधल्या चौदा वर्षांत ज्या बायका मी "ताई, हे होणार नाही" म्हणून परत पाठवल्या त्यांचे चेहरे मला त्या दिवशी आठवले.

पोटगीचंही तसंच. आधी कसं चालायचं, बाई म्हणणार नवरा महिन्याला लाख कमावतो, नवरा म्हणणार मी मित्राच्या दुकानात आठ हजारांवर आहे, आणि कोर्ट मध्ये कुठेतरी आकडा धरणार. ४ नोव्हेंबर २०२० ला रजनेश विरुद्ध नेहा हा निकाल आला आणि दोघांनीही मालमत्ता, उत्पन्न, कर्ज सगळ्याचं शपथपत्र द्यायचं ठरलं, पोटगीही अर्जाच्या तारखेपासून. आता माझा बराच वेळ बँक स्टेटमेंट वाचण्यात जातो. बी.कॉम. केल्याचा मला आयुष्यात पहिल्यांदा एवढा उपयोग होतोय, म्हणून सांगते, ज्यांना आकड्यांची भीती वाटते त्यांनी फॅमिलीत येण्याआधी ती घालवावी. आयटीआर वाचता आलं पाहिजे, होम लोनचा हप्ता कुणाच्या खात्यातून जातो ते शोधता आलं पाहिजे, ईएसओपी, म्हणजे कंपनीकडून मिळणारे शेअर्सचे पर्याय, माहीत पाहिजेत.

परस्पर संमतीचा घटस्फोट म्हणजे हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ बी. त्यासाठी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि अर्जानंतर पुन्हा सहा महिने थांबावं लागतं. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की योग्य केसमध्ये हे सहा महिने माफ करता येतात, तेव्हापासून प्रत्येकजण पहिल्या मीटिंगलाच विचारतो, "सहा महिने माफ होतात ना?" होतात, पण दीड वर्ष आधीच वेगळे राहत असाल, पोटगी, मुलं, स्त्रीधन सगळं मिटलेलं असेल, समेटाचे प्रयत्न होऊन संपले असतील तर. २०२३ नंतर आणखी एक प्रश्न, "लग्न तुटलंय एवढ्यावर घटस्फोट मिळतो असा निकाल आलाय ना?" आलाय, पण तो अधिकार सुप्रीम कोर्टाचा, राज्यघटनेच्या कलम १४२ खाली, शिवाजीनगरच्या कोर्टात तो मागता येत नाही. हे समजावण्यात अर्धा तास जातो आणि तो अर्धा तास शांतपणे द्यावा लागतो, कारण समोरच्याने ती बातमी रात्री दोन वाजता आशेने वाचलेली असते.

आणि मग नांदायला यायच्या नोटिसा. हिंदू विवाह कायद्याचं कलम ९. ही नोटीस हातात घेऊन एखादी मुलगी घाबरून आली की मी तिला रखमाबाईंची गोष्ट सांगते. अकराव्या वर्षी लग्न झालेली मुलगी, नवऱ्याने १८८४ मध्ये मुंबईत दावा लावला की हिला नांदायला पाठवा, १८८५ मध्ये एका न्यायमूर्तींनी तिच्या बाजूने निकाल दिला, अपिलानंतर फिरून १८८७ मध्ये हुकूम झाला की जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. ती म्हणाली तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर मिटलं, आणि त्या लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या, सुरतला आणि राजकोटला बायकांवर उपचार केले. आज नांदायला नकार दिला म्हणून कुणी तुरुंगात टाकत नाही, हे एवढं कळलं तरी त्या मुलीचे खांदे जरा खाली येतात.

मी पुरुषांची कामंही घेते. यावरून मला ऐकवणारे आहेत. पण महिन्यातून दोन शनिवार मुलीला दोन तास भेटायला मिळावं म्हणून वर्षभर तारखा घेणारा बाप मी बघितलाय, डब्यात तिच्या आवडीची रताळ्याची कापं घेऊन बसलेला आणि समोरून पुरसिस, म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी निवेदन, येते की मुलीला ताप आहे. त्याला वकील नको का?

एक प्रसंग सांगते, याच्यासाठीच मी या कामात टिकले असं मला वाटतं. संमतीच्या घटस्फोटात यादीप्रमाणे स्त्रीधन परत द्यायचं ठरलेलं, टेम्पो आलेला, आवारात एका बाजूला भांडी मांडलेली. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात ना, "चि. सौ. कां. हिस मामाकडून, शुभविवाह" आणि खाली तारीख. त्यामुळे कुठलं कुणाचं याचा वादच नाही, मी वाचत होते, समोरचे वकील टिक करत होते. परात, कळशी, घागर, पातेल्यांचा सेट. चौतीस नंबरला पुरणयंत्र आलं. नवरा पहिल्यांदाच बोलला, "हे... आईला राहू दे का? ती आता यातच करते." बारा वर्षांच्या संसारातली सगळी भांडणं माझ्या फायलीत होती, त्यात या सासूबाईंबद्दल पण दोन पानं होती. तिने पुरणयंत्राकडे बघितलं, त्याच्यावर तिच्या आत्याचं नाव होतं. म्हणाली, "राहू दे." आणि आम्ही दोघा वकिलांनी तिथेच पुरसिस लिहिली की यादीतील अनुक्रमांक ३४ मिळाल्याचे समजावे.

आता चौदा वर्षांनंतरची ती गोष्ट. आईला आणि मुलीला दोघींना विचारून लिहितेय आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

२०२४ च्या पावसाळ्यात ऑफिसला एक मुलगी आली, अठराच्या आसपास, हातात प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये जुनी झेरॉक्स. माळा आवरताना आईची फाईल सापडली म्हणाली. याचिका २००९ ची, ड्राफ्ट केलेली मी, शेवटच्या पानावर सरांच्या सहीखाली माझी सही. केस पुढे संमतीने मिटली होती, २०११ मध्ये, मुलगी आईकडे, बापाला भेटायची मुभा, आणि बाप नियमित भेटत पण होता. मुलगी इंग्लिश मीडियमची, मराठी टाइपचं पान तिने बोट ठेवून ठेवून वाचलं असणार, कारण परिच्छेद अकराच्या खाली पेन्सिलने रेघ मारली होती आणि दोन शब्दांवर बारीक अक्षरात इंग्रजी अर्थ लिहिले होते. तिथे लिहिलं होतं की जाबदार याने अर्जदाराच्या चारित्र्यावर संशय घेऊन "सदरची मुलगी माझी नाही" असे वेळोवेळी म्हटले.

तिने विचारलं, "मॅडम, बाबा खरंच असं म्हणाले होते?" मग म्हणाली, "मी सहा महिने झाले त्यांचा फोन घेतला नाहीये."

मी तिला बसवलं आणि आत जाऊन आधी तिच्या आईला फोन लावला, कारण पक्षकाराने आपल्याला काय सांगितलं आणि काय नाही सांगितलं हे तिच्या परवानगीशिवाय तिच्या मुलीलाही सांगता येत नाही. आईला मी परिच्छेद वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "मॅडम, असं काही ते कधीच म्हणाले नाहीत. दारू होती, हात उचलायचे, पण हे नाही. मी ते वाचलंच नव्हतं हो. तुम्ही जिथे जिथे फुली मारली होती तिथे मी सही केली. सांगा तिला."

माझी २००९ ची डायरी अजून कपाटात आहे. काढून बघितली. त्या बाईबरोबरच्या पहिल्या मीटिंगच्या दीड पान नोंदी, दारू, मारहाण, तिच्या पगाराचं कार्ड काढून घेणं, सगळं आहे. ते वाक्य नाही. ते आधीच्या कुठल्यातरी याचिकेतून आलं होतं, क्रूरता जरा वजनदार दिसावी म्हणून मी तसंच राहू दिलं होतं. पंचवीस-सव्वीस वर्षांची मी, दिवसाला दोन याचिका करणारी.

बाहेर आले आणि त्या मुलीला सांगितलं. "हे वाक्य मी लिहिलं. तुझ्या आईने सांगितलं नव्हतं. तुझे बाबा असं म्हणाल्याची माझ्याकडे कुठेही नोंद नाही." डायरी तिच्यासमोर उघडी ठेवली. तिने ती पानं वाचली, त्यात बापाच्या मारहाणीचं होतं ते पण वाचलं, कारण आई सांग म्हणाली म्हणजे सगळंच सांग म्हणाली होती. रडली नाही. "ओके" म्हणाली, फोल्डर बॅगेत ठेवला, आणि जाताना दारात वळून विचारलं, "अजून कुणाकुणाच्या केसमध्ये हे वाक्य आहे?"

मला उत्तर देता आलं नाही. पुढचे तीन महिने मी रविवारी-रविवारी ऑफिसला जाऊन जुन्या फायलींच्या ऑफिस कॉप्या काढल्या. सरांचं ऑफिस बंद झाल्यावर फायली माझ्याकडेच आल्या होत्या. अकरा याचिकांमध्ये सापडलं. त्यातल्या चार ठिकाणी माझ्या नोंदीत खरंच तसं सांगितलेलं होतं. उरलेल्या सातपैकी पाच जणींना मी शोधून फोन केले. अवघड फोन होते. एकीने फोन ठेवून दिला, एकीने विचारलं की आता पंधरा वर्षांनी याचं काय करू, आणि तिचं बरोबर होतं. निकाल झालेल्या केसेस, त्यातलं आता काही बदलत नाही. पण मुलं मोठी होतायत आणि घराघरांत माळे आहेत.

तेव्हापासून मी काम करायची पद्धत बदलली, भाचीला जे सांगायचंय ते हेच. पहिल्या मीटिंगला मी काही लिहीतच नाही. दुसऱ्या मीटिंगला पक्षकाराने स्वतःच्या हाताने लिहून आणायचं, जसं येतं तसं, बोलीभाषेत, शुद्धलेखनाची चिंता नको. त्या हस्तलिखितात नसलेलं याचिकेत येत नाही. ड्राफ्ट झाला की मी तो मोठ्याने वाचून दाखवते, पूर्ण, आणि ज्याला वाचता येतं त्याने घरी नेऊन रात्रभर ठेवून मगच सही. अर्थात याने वेळ जातो आणि काम कमी होतं. आधी महिन्याला दहा-बारा याचिका व्हायच्या, आता चार. एका पक्षकाराने तोंडावर सांगितलं की शेजारच्या वकिलांनी तासाभरात करून दिली असती. खरंय, देतात.

पैशाचं विचारतात म्हणून सांगते. पहिली चार-पाच वर्षं अवघड असतात, घरचा आधार नसेल तर फारच. पोटगीच्या रकमेतला टक्का घ्यायचा नसतो, निकालावर अवलंबून फी घेणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. टप्प्याटप्प्याने फी ठरवा आणि लेखी द्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर जरूर जा, बायकांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, तिथे पैसे थोडे पण केस स्वतः चालवायला मिळते, उलटतपास स्वतः घ्यायला मिळतो. मध्यस्थीचं चाळीस तासांचं प्रशिक्षण मिळालं तर सोडू नका. त्यात मला सगळ्यात जड गेलं ते गप्प बसणं. आणि परदेशातल्या केसेसचा अभ्यास करा, पुण्यातून अमेरिकेला गेलेली जोडपी खूप आहेत, तिथला घटस्फोट इथे चालतो का, मूल इथे आणलं तर काय, मूल परस्पर दुसऱ्या देशात नेण्याविषयीच्या हेग करारावर भारताने सही केलेली नाही म्हणजे नेमकं काय होतं, हे सांगू शकणारे वकील कमी आहेत.

रात्री अकरानंतर फोन घ्यायचा नाही हे मी दहाव्या वर्षी शिकले, तोपर्यंत झोप गेली होती. जीव धोक्यात असेल तर ११२, बाकी सकाळी. हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावं. आणि वकिलांच्या बारमध्ये एक तरी मैत्रीण अशी ठेवावी जिच्यापाशी नाव न घेता रडता येतं.

ताईला मी काय सांगितलं? म्हटलं, येऊ दे तिला माझ्याकडे, सहा महिने बघू. जुलैपासून येतेय. मला ऑफिसात मॅडम म्हणते, घरी मावशी.

परवा तिने पहिला ड्राफ्ट टाइप करून आणला. नीटनेटका, मार्जिन बरोबर, कलमं बरोबर, पोटगीला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ च्या जागी नव्या बीएनएसएसचं १४४ आठवणीने घातलेलं. मी वाचत परिच्छेद आठपर्यंत आले. नेसत्या वस्त्रानिशी. कुठून आलं गं हे म्हटलं, तर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जुन्या फोल्डरमध्ये एक फॉरमॅट होता त्यातून, म्हणजे माझ्याच. पक्षकार बाहेर बसली होती, तिला आत बोलावलं आणि भाचीला म्हटलं तू विचार.

"ताई, त्या दिवशी घरातून निघताना तुम्ही काय काय घेतलं होतं?"

ती जरा वेळ आठवत राहिली. मग बोटांवर मोजायला लागली. बाळाचं लसीकरणाचं कार्ड. दुधाची बाटली. देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा, लग्नात आईने दिलेली. दहावी-बारावीची सर्टिफिकेटं, ती गादीखाली काढून ठेवली होती. चार्जर राहिला.

भाची लिहीत होती, तिने मान वर केली. "गादीखाली कधी ठेवली होती?"

"दिवाळीत," ती म्हणाली. "निघाले मी मे महिन्यात. पण काढून दिवाळीतच ठेवली होती."

भाचीने परिच्छेद आठ खोडला आणि नवीन कागद घेतला.